नावाची नोंद आणि दुरुस्तीचा अधिकार : नाशिकहून पाहिलेला विद्यापीठीय माहितीव्यवस्थांचा इतिहास

विद्यापीठांचा इतिहास आपल्याकडे बहुधा कुलगुरूंच्या कारकिर्दींचा, इमारतींचा आणि अभ्यासक्रमांच्या फेरबदलांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विद्यापीठ प्रत्यक्षात ज्या कागदांवर उभे असते ते प्रवेश-अर्ज, नोंदणीपुस्तक, परीक्षा-अर्ज, गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र मात्र या इतिहासात क्वचितच येतात. त्यांचा विषय निघाला की तो प्रशासनाचा, कारकुनीचा आणि म्हणून आपल्या कक्षेबाहेरचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी असे मानावे हे विशेष आश्चर्याचे आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आपण वर्षानुवर्षे चर्चा करतो. नकलकाराच्या हातून एखादा काना गळला तर अर्थ कोठे जातो हे विद्यार्थ्यांना सोदाहरण समजावतो. त्याच विद्यार्थ्याच्या नावाचे दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारपत्रावर आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तीन पाठ झालेले असतात. त्यांपैकी प्रमाण कोणता हे कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न नाशिकच्या संदर्भात मांडू इच्छितो. सार्वजनिक विद्यापीठांत माहितीव्यवस्था यशस्वी कशा होतात, यावर व्यवस्थापनशास्त्रात विपुल लिहिले गेले आहे. आमचे म्हणणे मर्यादित आहे. नोंदीतील चूक ज्याच्याविषयी ती नोंद आहे त्याला दिसते का, आणि ती त्याच्या जवळच्या ठिकाणी, ठरावीक मुदतीत दुरुस्त होते का, या दोन कसोट्यांवर माहितीव्यवस्थेचे यशापयश ठरते. संगणक किती वेगवान आहे हा त्यानंतरचा मुद्दा.

रामकुंडावरच्या वह्या

नाशिकला नोंदींची परंपरा नवी नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. तीर्थयात्रेला किंवा श्राद्धकर्मासाठी आलेल्या माणसाचे गाव, आडनाव आणि ज्ञाती विचारली की उपाध्ये त्या गावाची वही काढतात. त्या वहीत त्याचे आजे-पणजे सापडतात. जुन्या वह्यांतला मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. आलेला माणूस घरातले नवे जन्म-मृत्यू सांगतो, ते लिहिले जातात, आणि अनेकदा तो स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करतो.

या वह्यांचे आम्हांस उदात्तीकरण करावयाचे नाही. त्यांचे वर्गीकरण जातीच्या पायावर होते, त्यात पुरुषांची वंशरेषा ठळक आणि स्त्रिया दुय्यम होत्या, आणि ज्यांना तीर्थावर स्थानच नव्हते त्यांची नोंदही नव्हती. तरीही व्यवस्था म्हणून तिचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. नोंद ज्याची, त्याच्यासमोर ती वाचली जात असे. चूक असेल तर तो तेथेच म्हणू शकत असे, ‘असे नाही, नाव असे आहे.’ लिहिणारा, वाचणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, हे तिघे एकाच ठिकाणी बसलेले असत.

आधुनिक विद्यापीठाने हे तिघे एकमेकांपासून दूर केले.

परीक्षा घेणारी संस्था

१८५४च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापण्याची शिफारस केली तेव्हा आदर्श म्हणून पुढे होते लंडन विद्यापीठ. १८३६ साली सनद मिळालेले ते विद्यापीठ मुळात परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालये करीत. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे याच घडणीची होती. कोणत्या महाविद्यालयातून कोण विद्यार्थी आला, तो परीक्षेला बसण्यास पात्र आहे काय, त्याला किती गुण मिळाले आणि त्याला कोणती पदवी द्यावयाची, ही माहिती राखणे हेच त्यांचे मुख्य काम होते. या अर्थाने आपली विद्यापीठे जन्मतःच माहितीव्यवस्था आहेत. संगणकाने हे स्वरूप त्यांना दिलेले नाही.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, असे ते चार पदवीधर. चार नावांची नोंद राखण्यास व्यवस्था लागत नाही, कारण नोंद ठेवणाऱ्याला चारही माणसे ठाऊक असतात. नावे हजारांत गेली की नोंद ठेवणारा आणि विद्यार्थी एकमेकांना ओळखेनासे होतात. तेथून पुढे विद्यापीठापुरता विद्यार्थी म्हणजे त्याचा बैठक क्रमांक.

नाशिकात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. मुख्यालय कोणतेही असो, ते नाशिकपासून दीड-दोनशे किलोमीटर दूरच राहिले. या अंतरात महाविद्यालयाचे कार्यालय मधल्या दुव्याचे काम करी. परीक्षा-अर्ज तपासणारा अनुभवी कारकून अर्जावरचे आडनाव पाहून विचारी, ‘तू अमक्याचा धाकटा ना? मग वडिलांचे नाव असे कसे लिहिलेस?’ त्याच्या या प्रश्नाला कोणत्याही नियमपुस्तिकेत जागा नव्हती, परंतु कित्येक चुका विद्यापीठापर्यंत पोहोचण्याआधीच तेथे थांबत. व्यवस्थेचा हा भाग कधी कोणी लिहून काढला नाही. म्हणून पुढे संगणकीकरणाचे आराखडे झाले तेव्हा तो आराखड्यात आलाच नाही.

वर्ग नसलेले विद्यापीठ

१९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाला राजसनद मिळाली. भारतात १९८२ साली हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ आणि १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले. १९८९ साली स्वतंत्र अधिनियमाने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. यशवंतरावांचे नाशिकशी नाते जुने होते. संरक्षणमंत्री झाल्यानंतर १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले होते. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते प्रा. राम ताकवले. ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक. पूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, आणि नाशिकनंतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ते आपल्या कानांना इतके सरावाचे झाले आहे की त्यातली कार्यपद्धतीची अडचण जाणवत नाही. गंगा घरोघरी न्यायची तर घरांचे पत्ते बिनचूक हवेत. नेहमीच्या महाविद्यालयात नोंद चुकली तरी विद्यार्थी वर्गात बसलेला असतो. शिक्षक त्याला ओळखतात, मित्र त्याला सूचनाफलकावरची बातमी सांगतात. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हा आधार नाही. पुस्तकसंच कोणत्या केंद्रावर पाठवायचे, समंत्रण कोणत्या रविवारी, गृहपाठाचे गुण कोणाच्या नावे आणि परीक्षा कोठे, हे सर्व एका नोंदीवर अवलंबून. ती नोंद चुकली तर विद्यापीठाच्या दृष्टीने तो विद्यार्थीच नाही.

त्यात हा विद्यार्थी कोण होता? बारावी न झालेला, पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे येऊ पाहणारा. कारखान्यात पाळीवर जाणारा. लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी पुस्तक हाती घेणारी गृहिणी. त्याचे शिक्षण सलग तीन वर्षांत संपत नाही. मध्ये खंड पडतो, गाव बदलते, नोकरी बदलते, आणि स्त्रियांच्या बाबतीत नावही बदलते. अशा विद्यार्थ्याची नोंद अनेक वर्षे जिवंत ठेवावी लागते. संलग्न महाविद्यालयांसाठी घडलेल्या पद्धतीत याची सोय नव्हती.

मुक्त विद्यापीठाने यासाठी जे केले त्यात भाषेलाही महत्त्वाचे स्थान होते. ‘शिक्षणक्रम’, ‘अभ्यासकेंद्र’, ‘समंत्रक’, ‘केंद्र संयोजक’ हे शब्द वापरात आले. ‘समंत्रक’ हा शब्द ‘प्राध्यापक’ या शब्दाच्या जागी केवळ नावीन्यासाठी आला नाही. शिकवण्याचे काम पुस्तकाकडे गेल्यावर माणसाकडे जे उरते, म्हणजे शंका ऐकणे, सल्ला देणे आणि धीर देणे, त्याला नाव हवे होते. मुख्यालय, विभागीय केंद्रे आणि राज्यभरची अभ्यासकेंद्रे अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. अभ्यासकेंद्र बहुधा गावातल्याच एखाद्या महाविद्यालयात असे, आणि तेथे केंद्र संयोजक आणि त्याचा साहाय्यक कारकून यांच्यासमोर विद्यार्थी प्रत्यक्ष येऊन बसे. वह्यांच्या व्यवस्थेत एकत्र असलेले ते तिघे, निदान प्रवेशाच्या दिवशी तरी, पुन्हा एका टेबलाशी आले.

आमच्या मते नाशिकच्या या प्रयोगाचा खरा धडा हाच आहे. संगणक सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच विद्यापीठाने आपल्या कामाची फोड माहितीच्या प्रवाहात केली होती. कोणता कागद कोठून निघतो, कोठे थांबतो आणि कोण त्यावर सही करतो, हे बरेचसे ठरलेले होते. म्हणून नंतर आलेल्या यंत्राला काहीतरी धरून चालता आले.

नाशिककडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही येथेच स्थापन झाले. राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. संपूर्ण राज्य हे कार्यक्षेत्र असलेली दोन सार्वजनिक विद्यापीठे एकाच शहरात आहेत, आणि दोघांचाही बहुतांश विद्यार्थी त्या शहरात राहत नाही. दूरच्या माणसाची नोंद राखणे हा नाशिकचा जणू व्यवसायच झाला.

सोळा अंक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विद्यापीठांच्या परीक्षा विभागांत संगणक आला तो प्रामुख्याने गुणपत्रके छापण्यासाठी. तो वेगवान टंकलेखक होता. नोंदीची पद्धत जुनीच राहिली. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. एम.एस.-सी.आय.टी. या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे तिचे नाव खेडोपाडी पोहोचले. त्याच महामंडळाने विद्यापीठांसाठी ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ ही प्रणाली तयार केली आणि राज्यातील अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली. त्यात मुक्त विद्यापीठही होते.

या प्रणालीने विद्यार्थ्याला एक कायम नोंदणी क्रमांक दिला. सोळा अंकांचा, आरंभी नोंदणीचे वर्ष असलेला. तो वर्षागणिक बदलत नाही, म्हणून खंडित शिक्षण घेणाऱ्यासाठी तो वरदान होता. दहा वर्षांनी परत आलेली विद्यार्थिनी त्या क्रमांकाच्या आधारे आपले जुने गुण मागू शकत होती. अर्जांचे गठ्ठे कमी झाले, प्रवेशपत्र घरबसल्या मिळू लागले, निकालासाठी वर्तमानपत्राची वाट पाहावी लागेनाशी झाली. हे लाभ खरे आहेत, आणि ज्यांनी फाटक्या नोंदणीपुस्तकात नावे शोधली आहेत त्यांना त्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु याबरोबर एक सूक्ष्म स्थित्यंतर घडले. कागदी अर्जावरची चूक खोडून, वर लिहून, सही करून दुरुस्त होई. पडद्यावरच्या चौकटीत समासाला जागा नसते. ‘दुरुस्ती’ हे आता वेगळे काम झाले. त्याचा वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि वेगळा अधिकारी. समोर बसलेल्या कारकुनाला चूक दिसत असूनही तिला हात लावण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही. मँचेस्टर विद्यापीठाचे अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी २००२ साली विकसनशील देशांतील माहितीव्यवस्थांच्या यशापयशावर लिहिताना आराखडा आणि वास्तव यांतील अंतर हे अपयशाचे मूळ म्हणून दाखवले, आणि ते अंतर भरून काढणाऱ्या स्थानिक जुळवाजुळवीकडे लक्ष वेधले. आपल्याकडे ही जुळवाजुळव म्हणजे महाविद्यालयातला किंवा अभ्यासकेंद्रातला तो कारकून. त्याच्या हातून अधिकार गेला की अंतर तसेच राहते.

आडनावाचे पाठभेद

आता भाषेकडे वळू, कारण येथे आपल्यासारख्यांची जबाबदारी थेट आहे. नाशिक जिल्ह्यातलीच काही आडनावे घ्या. ‘देवरे’ रोमनमध्ये लिहिताना कोणी ‘व’साठी स्वतंत्र अक्षर घालतो, कोणी दोन स्वर शेजारी ठेवून काम भागवतो. त्या दुसऱ्या रूपाचे यंत्राने पुन्हा देवनागरीत लिप्यंतर केले की ‘देओरे’ तयार होते. ‘सोनवणे’ची रोमन रूपे तीन-चार तरी प्रचारात आहेत आणि परत येताना त्यांतला ‘ण’ हमखास ‘न’ होतो. ‘काळे’ आणि ‘काले’, ‘माळी’ आणि ‘माली’ यांत रोमन लिपी भेदच करीत नाही. ‘भामरे’मधला ‘म’ कोणी अकारासह लिहितो, कोणी अकाराशिवाय. ‘आहेर’ आणि ‘अहिरे’ ही दोन वेगळी आडनावे आहेत हे स्थानिक माणसाला सांगावे लागत नाही. प्रणालीला मात्र दोन्ही एकाच नावाची अशुद्ध रूपे वाटू शकतात.

हा तपशील क्षुल्लक नाही. आपल्या गुणपत्रिका बहुतांशी रोमन लिपीतल्या नोंदीवर उभ्या असतात आणि पदवी प्रमाणपत्रासाठी देवनागरी नाव लागते. ते विद्यार्थ्याने स्वतः लिहून दिले आणि कोणी वाचून पाहिले तर ठीक. यंत्राने बनवले तर पदवीवर जे नाव येते ते त्या घरात कोणाचेच नसते. तांत्रिक अडचण ही सबब आता चालण्यासारखी नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या टंकांत मजकूर भरला. तो टंक नसेल तर मजकूर निरर्थक चिन्हांची रांग दिसे, म्हणून देवनागरी नावांची नोंद टिकवण्यापेक्षा रोमन नोंद सोपी वाटणे त्या काळी समजण्यासारखे होते. ती सवय अडचण संपल्यावरही गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी माणसाचे नाव मात्र त्याच्याच विद्यापीठात मूळ नोंद म्हणून रोमन आणि भाषांतर म्हणून मराठी असते. हा विरोधाभास आम्हांस अधिक बोचतो.

नावाचा क्रम हीदेखील अशीच गोष्ट. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा प्रघात. गुणपत्रिकेत आडनाव आधी, अखेरीस आईचे नाव. इतर प्रांतांच्या किंवा परदेशी पद्धतीच्या अर्जात ‘पहिले’, ‘मधले’ आणि ‘शेवटचे’ नाव. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांसाठी बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम स्वीकारला. हा निर्णय स्वागतार्हच आहे, परंतु त्याचा अर्थ येत्या काळात विद्यापीठांत चार चौकटींची नावे येणार असा होतो. जेम्स स्कॉट यांनी १९९८च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की कायम आडनाव ही गोष्टच अनेक ठिकाणी राज्यसंस्थेने माणसे वाचता यावीत म्हणून रुजवली. लग्नानंतर आडनाव बदललेली मुक्त विद्यापीठाची विद्यार्थिनी या वाचनात वारंवार अडखळण्याची जागा ठरते. तिची दहावी माहेरच्या नावाने, पदवी सासरच्या, आणि नोकरीच्या अर्जाला दोन्ही जुळवणारे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र. जिच्यासाठी ज्ञानगंगा घरोघरी निघाली, तिलाच दाराशी ओळख पटवावी लागते.

२०१७चा उन्हाळा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७पासून अमलात आला. मुक्त आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठांचे अधिनियम स्वतंत्र असल्याने तो त्यांना लागू नाही, परंतु पारंपरिक विद्यापीठांसाठी त्याने माहिती तंत्रज्ञान मंडळ निर्माण केले, आणि परीक्षेचे निकाल शक्यतो तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधन घातले. त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्वच परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय अमलात आणला.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका, पावणेपाचशेच्या आसपास निकाल, आणि यंत्रणा बसवण्याचे काम परीक्षेच्याच हंगामात. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाच्या पडद्यावर पोहोचण्यास विलंब झाला. प्राध्यापकांचे प्रशिक्षण घाईत झाले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली. अन्य विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या, काही सापडतच नसल्याच्या तक्रारी आल्या. पदव्युत्तर आणि परदेशी प्रवेश अनेकांच्या हातून निसटले. ऑक्टोबर २०१७मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. १८५७ साली परीक्षा घेण्यासाठीच जन्मलेली संस्था आपल्या एकशेसाठाव्या वर्षी परीक्षेचा निकाल देऊ शकली नाही.

या प्रकरणाचा अर्थ ‘संगणक नको’ असा लावणे सोपे आणि चुकीचे आहे. पडद्यावरील तपासणीने बेरजेच्या चुका टळतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत, परीक्षकाची पुनर्तपासणी करता येते. प्रश्न क्रमाचा होता. एका विद्याशाखेत, एका सत्रात करून पाहून त्रुटी शोधायच्या, मग विस्तार करायचा, या सावकाशीला जागाच ठेवली गेली नाही. दुसरे असे की, गोंधळ झाल्यावर ‘माझी उत्तरपत्रिका कोठे आहे’ या साध्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला त्याच्या महाविद्यालयात मिळू शकत नव्हते, कारण महाविद्यालय या साखळीतून वगळले गेले होते. ज्या केंद्राने उत्तरपत्रिका गोळा केल्या त्याला पुढचे काही दिसत नव्हते, आणि ज्याला दिसत होते त्याला विद्यार्थी ठाऊक नव्हता. आमच्या दोन्ही कसोट्यांवर, म्हणजे चूक दिसणे आणि ती जवळ दुरुस्त होणे यांवर, ही व्यवस्था उतरली नाही.

तीन वर्षांनी कोविडच्या साथीत, २०२०च्या शरदात, अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घ्याव्या लागल्या. तेव्हा जेथे महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते नीट राखले होते, तेथे शिक्षक एकेकाला फोन करून परीक्षेपर्यंत आणू शकले. हेही जुन्याच धड्याचे प्रत्यंतर होते.

आजची स्थिती

जुलै २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पेढीचे विनियम प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने कोणत्याही विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक एका राष्ट्रीय खात्यात जमा व्हावेत आणि त्याला हवे तेव्हा वापरता यावेत, अशी ही कल्पना आहे. खंडित शिक्षणाचा जो विचार नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने तीन दशकांपूर्वी केला त्याचाच हा देशव्यापी विस्तार म्हणावयास हरकत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात घडलेली ‘समर्थ’ ही प्रणाली महाराष्ट्रातही येऊ लागली आहे. खाजगी कंपनीचा करार संपला की माहिती कोणाची, हा जुना पेच सार्वजनिक मालकीच्या प्रणालीने काही अंशी सुटू शकतो.

परंतु श्रेयांकांचे खाते आधारवरील नावाशी जुळावे लागते. म्हणजे नाशिकच्या एखाद्या तालुक्यात आधार नोंदणीच्या गर्दीत कोणी घाईने टंकलेले रोमन नाव हे आता त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचे मूळ संहितापत्र होते. दहावीचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाची नोंद आणि आधार यांत एका अक्षराचा फरक असला की खाते अडते. प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयापुढची रांग पाहावी. त्यातले कित्येकजण शिकण्यासाठी नव्हे, एक अक्षर बदलून घेण्यासाठी उभे असतात. शेतमजुरीचा एक दिवस बुडवून आलेल्या पालकाला ‘हे आमच्याकडे होत नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारा खोटे बोलत नसतो.

मग करावे काय? आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, विद्यार्थ्याचे देवनागरी नाव ही मूळ नोंद मानावी, त्याने स्वतः लिहिलेली आणि सही केलेली. रोमन रूप त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रानुसार जोडावे. यंत्राने लिप्यंतर केलेले नाव विद्यार्थ्याने पाहून मान्य केल्याशिवाय पदवीवर छापू नये. दुसरी, अक्षरदुरुस्तीचा मर्यादित अधिकार महाविद्यालयाला आणि अभ्यासकेंद्राला द्यावा. कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर दुरुस्ती केली याची नोंद प्रणालीत आपोआप राहतेच, त्यामुळे गैरवापराची भीती कागदी काळापेक्षा आज कमीच आहे. निकालाला कायद्याने जशी मुदत आहे तशी दुरुस्तीलाही असावी. तिसरी, कायद्याने निर्माण केलेल्या माहिती तंत्रज्ञान मंडळांत भाषेचा अध्यापक आणि महाविद्यालयातला अनुभवी कारकून यांना स्थान असावे. प्रणाली विकत घेण्यापूर्वी जी बैठक होते तीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे.

यातील शेवटची गोष्ट आपल्या हाती आहे. मराठीचे विभाग आज विद्यार्थीसंख्येच्या चिंतेत आहेत, आणि भाषेचा व्यवहाराशी संबंध काय हा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. पाठचिकित्सा, लिपी, शुद्धलेखन आणि नामविचार ही आपली शास्त्रे. त्यांचा उपयोग जुन्या पोथीपुरता नाही. दरवर्षी लाखो मराठी नावे विद्यापीठांच्या प्रणालींत भरली जातात, आणि पुढच्या शतकातला इतिहासकार याच नोंदींवरून आपला काळ वाचणार आहे. त्याला ‘देवरे’ भेटावेत की ‘देओरे’, हे आज कोणत्या तरी अर्जावर ठरत आहे, आणि तो अर्ज वाचून पाहण्याचे काम आपले आहे.